सरासरी ३२, पारा ४८.८! सिसिलीतल्या एका गावाच्या उन्हाळ्याचं गणित समजून घ्या

निळाशार समुद्र, दगडी गल्ल्या, लिंबांच्या बागा आणि हातात आइस्क्रीम. इटलीची अशी रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. समजा, तुम्ही उत्सुकतेपोटी सर्च केलंत, की सिसिली बेटावरच्या सिराकूझा शहरात ऑगस्टमध्ये किती ऊन असतं? उत्तर येईल, दिवसाचं सरासरी कमाल तापमान साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सियस. नागपूरच काय, पुण्यातल्या माणसालाही वाटेल, 'हे तर आपल्या एप्रिलपेक्षा बरं!'

पण याच सिराकूझापासून जेमतेम १२ किलोमीटरवर फ्लोरिडिया नावाचं गाव आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी या गावाजवळच्या केंद्रावर ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं. युरोप खंडात नोंदवलं गेलेलं हे सर्वाधिक तापमान आहे.

सरासरी ३२ आणि प्रत्यक्षात ४८.८. म्हणजे जवळपास १७ अंशांचा फरक. मग सरासरी खोटी आहे का? की आपणच ती चुकीची वाचतो? हे समजून घ्यायचं तर भूमध्य समुद्राकाठचे ऋतू कसे चालतात, ते आधी पाहावं लागेल.

तो आकडा खरा होता का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. फ्लोरिडियाजवळचं केंद्र सिसिलीच्या कृषी हवामान सेवेचं होतं. खंडाचा विक्रम म्हटल्यावर नुसत्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. थर्मामीटर कसा होता, कुठे बसवला होता, त्याच्यात दोष होता का, आजूबाजूची परिस्थिती काय होती, हे सगळं तपासलं जातं.

जागतिक हवामान संघटनेने हीच तपासणी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास अडीच वर्षांनी, हा विक्रम अधिकृत मानला. त्याआधीचा विक्रम ग्रीसच्या नावावर होता. १० जुलै १९७७ रोजी अथेन्स परिसरात ४८ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. तो विक्रम ४४ वर्षं टिकला.

फ्लोरिडिया आहे तरी कुठे?

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट. इटलीच्या बुटाच्या टोकासमोर आहे ते. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्राला लागून सिराकूझा आहे. आर्किमिडीज याच शहरातला. तिथून थोडं आत गेलं की वीसेक हजार वस्तीचं फ्लोरिडिया लागतं. आजूबाजूला लिंबू, संत्री, ऑलिव्ह यांच्या बागा. पश्चिमेला इब्लेई डोंगररांग.

आता एक गंमत पाहा. सिराकूझा साधारण ३७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपलं श्रीनगर ३४ अंशांवर. म्हणजे ही जागा श्रीनगरच्याही उत्तरेला आहे! तरीही तिथे हिवाळ्यात सहसा बर्फ पडत नाही, कारण समुद्र. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे काठावरच्या गावांना हिवाळ्यात ऊब मिळते. जानेवारीत दिवसा १५-१६ अंश, रात्री साधारण ८. रात्रीपुरता पुण्या-नाशिकच्या थंडीशी बऱ्यापैकी ओळख सांगणारा हिवाळा.

मग वर्ष असं पुढे सरकतं. मार्च-एप्रिलमध्ये हिरवळ आणि फुलं. मे संपता संपता पाऊस जवळपास थांबतो. जून, जुलै, ऑगस्ट कोरडे ठणठणीत. सप्टेंबरपासून ढग परत येतात आणि ऑक्टोबर ते जानेवारी हा मुख्य पावसाचा काळ. वर्षभराचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त पडतो, यावरून अंदाज येईल.

पाऊस हिवाळ्यातच का पडतो?

इथे आपल्या डोक्यातलं ऋतूंचं चित्र थोडं उलटं करावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात जीव नकोसा झाला की आपण आकाशाकडे बघायला लागतो. मृगाच्या सरी येतात आणि पारा एकदम उतरतो. उन्हाळा मोडायला पाऊस येतो, हे आपण गृहीतच धरतो.

भूमध्य समुद्राकाठी तसं होत नाही. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा साधारण ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. खाली उतरणारी हवा तापत आणि कोरडी होत जाते, तिच्यात ढग टिकत नाहीत. सहारा वाळवंट याच पट्ट्यात आहे. उन्हाळ्यात सूर्याबरोबर हा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो आणि भूमध्य समुद्रावर झाकणासारखा बसतो. त्यामुळे तीन-चार महिने पाऊस नाही.

हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेला परततो. मग अटलांटिककडून येणारे पश्चिमी वारे आणि त्यांच्यासोबतच्या पावसाळी प्रणालींना वाट मोकळी होते. म्हणून पाऊस थंडीत.

यात आपलाही छोटासा हात आहे बरं का! ब्रिटनमधले हवामानशास्त्रज्ञ मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की भारतीय उपखंडावर मान्सूनचे ढग तयार होताना वातावरणात जी प्रचंड उष्णता सोडली जाते, तिचा परिणाम पश्चिमेकडे हजारो किलोमीटरवर होतो. त्यामुळे पूर्व सहारा आणि पूर्व भूमध्य भागात हवा खाली उतरायला आणखी जोर मिळतो. हा परिणाम ग्रीस-तुर्कस्तानच्या बाजूला जास्त आणि सिसिलीकडे त्यामानाने कमी. पण विचार करा, कोकणात आणि घाटावर धो धो पाऊस कोसळत असताना, तोच मान्सून भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचं आकाश कोरडं ठेवायला मदत करत असतो.

थोडक्यात, तिथे सर्वांत जास्त ऊन आणि सर्वांत कमी पाणी एकाच वेळी येतं. या लेखातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मग ११ ऑगस्टला नेमकं काय झालं?

एकाच दिवशी अनेक गोष्टी जुळून आल्या.

पहिली, उत्तर आफ्रिकेवरचा जास्त दाबाचा फुगा भूमध्य समुद्रावर येऊन बसला. इटलीच्या माध्यमांनी त्याला 'लुसिफेर' म्हणजे सैतानाचं नाव दिलं. त्याच्यासोबत सहाराकडची तापलेली हवा आली. अशी हवा एकाच जागी अडकून दिवसेंदिवस तापत राहते, त्याला हीट डोम म्हणतात. कढईवर झाकण ठेवल्यासारखं.

दुसरी, जमीन कोरडी होती. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा बराचसा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. जमिनीत ओलच नसेल तर तीच ऊर्जा थेट माती आणि हवा तापवते. अंगणात सडा टाकल्यावर गारवा का वाटतो, त्याचं कारण हेच. फ्लोरिडियाच्या अंगणात ऑगस्टमध्ये सडा टाकायला कोणी नसतं.

तिसरी, गावाची जागा. एरवी समुद्रावरून येणारी झुळूक सिराकूझाच्या किनाऱ्याला सांभाळून घेते. पण वारा जमिनीच्या बाजूने, पश्चिमेकडून वाहू लागला तर झुळूक आत शिरत नाही. शिवाय हा वारा इब्लेई डोंगर उतरून येतो. उतरणारी कोरडी हवा दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण १ अंशाने तापते. डोंगर फार उंच नाहीत, सर्वांत उंच शिखर हजार मीटरच्या थोडं खालीच. पण आधीच भाजून निघालेल्या हवेत आणखी काही अंश घालायला तेवढे पुरतात.

आणि चौथी गोष्ट म्हणजे ज्या हवेत हे सगळं घडत होतं, तिचं मूळ तापमानच आता वाढलेलं आहे. त्याच महिन्यात ग्रीस, तुर्कस्तान, अल्जीरिया आणि दक्षिण इटलीत मोठे वणवे पेटले होते.

सरासरी फसवते कशी?

आता एक सोपं गणित करू. हवामानाची सरासरी काढताना साधारणपणे ३० वर्षांचा काळ धरतात. ऑगस्टचे ३१ दिवस गुणिले ३० वर्षं, म्हणजे ९३० दिवस. यातल्या एका दिवशी तापमान ३२ ऐवजी ४८.८ झालं, तर सरासरी किती वाढेल? १६.८ भागिले ९३०. उत्तर ०.०२ अंशापेक्षाही कमी!

म्हणजे युरोपच्या इतिहासातला सर्वांत तापलेला दिवस त्या तक्त्यात दिसतच नाही. सरासरी खोटं बोलत नाही. फक्त ती 'नेहमी काय असतं' हे सांगते, 'काय सहन करावं लागू शकतं' हे सांगत नाही. पर्यटकाला पहिला आकडा पुरतो. तिथे राहणाऱ्या आजीला, शेतात लिंबू तोडणाऱ्या मजुराला आणि वीज कंपनीला मात्र दुसरा आकडा माहीत असावा लागतो.

जुलै २०२३ मध्ये हे सिसिलीने अनुभवलं. सिराकूझाच्या उत्तरेला कटानिया हे मोठं शहर आहे. तिथे पारा ४७ च्या वर गेला आणि जमिनीखालच्या विजेच्या केबल्सनी मान टाकली. वीज गेली, विजेअभावी पंप बंद पडले आणि अनेक भागांत पाणीही गेलं. ऐन उन्हाळ्यात पंखा नाही, फ्रिज नाही आणि नळाला पाणी नाही.

'आमच्या विदर्भात हे रोजचंच!'

अशा बातमीखाली ही कमेंट ठरलेली असते. आणि ती अगदीच चुकीची नाही. ४५-४६ अंश विदर्भाला नवे नाहीत. सिसिलीच्या लोकांनाही उन्हाची सवय आहे. जाड दगडी भिंती, बंद खिडक्या आणि दुपारी सगळं बंद, हे त्यांचं शेकडो वर्षांचं शहाणपण आहे.

पण दोन फरक आहेत. एक, इटलीत जवळपास दर चौथा माणूस ६५ वर्षांच्या पुढचा आहे. वयस्कर शरीर उष्णता बाहेर टाकण्यात कमी पडतं. आणि एसी साधारण निम्म्याच घरांत आहे.

दुसरा फरक सुटकेचा. विदर्भात मे कितीही तापला तरी जूनमध्ये ढग येणार, ही आशा असते. सिसिलीत जुलै तापला तर त्याच्यापुढे ऑगस्ट असतो. त्यात समुद्रही तापलेला असेल तर रात्रीही गारवा मिळत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्र लागते, आणि तीच मिळाली नाही तर माणूस खचतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. त्यातले सर्वाधिक, सुमारे १८ हजार, इटलीतले होते. त्या वर्षी युरोपातल्या तापमानाचा विक्रम मोडलेला नव्हता, हे लक्षात घ्या. म्हणजे एका दिवसाचा ४८ चा आकडा हेडलाइन बनतो, पण जीव जातात ते आठवडेच्या आठवडे न हटणाऱ्या उन्हामुळे.

नेमकं काय बदलतंय?

भूमध्य प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२० च्या अहवालात सांगितलं, की औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत हा प्रदेश सुमारे दीड अंशाने तापला आहे आणि तापण्याचा वेग जगाच्या सरासरीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी जास्त आहे. जगाचं तापमान एका अंशाने वाढलं की इथला पाऊस सुमारे ४ टक्क्यांनी घटेल, असाही त्यांचा अंदाज आहे.

उन्हाळा नुसता तापत नाही, लांबतोही आहे. भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला असलेल्या स्पेनच्या हवामान संस्थेने २०१९ मध्ये म्हटलं होतं, की तिथला उन्हाळा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत जवळपास पाच आठवड्यांनी लांबला आहे.

आता मघाची गोष्ट आठवा. ऊन आणि कोरडेपणा एकत्र येतात. त्यामुळे उन्हाळा लांबला की कोरडे दिवसही लांबतात. आणि हिवाळ्यात पाऊस कमी पडला, तर ती तूट भरून काढायला उन्हाळ्यात दुसरी संधीच नसते.

२०२४ मध्ये नेमकं हेच झालं. हिवाळ्याने दगा दिला आणि मे महिन्यात इटली सरकारला सिसिलीत दुष्काळी आणीबाणी जाहीर करावी लागली. बेटाच्या मध्यभागी असलेलं पेर्गुसा सरोवर जवळपास आटलं. दक्षिण किनाऱ्यावर अग्रिजेंतो भागात पाणीकपात झाली. जुलैमध्ये नौदलाचं जहाज पाणी घेऊन लिकाता बंदरात आलं. लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं २०१६ मध्ये, तसंच काहीसं हे चित्र.

दोष फक्त आकाशाचा होता का? नाही. सिसिलीच्या पाइपलाइनमधून सुमारे निम्मं पाणी गळून वाया जातं. हवामान बदलाने दुष्काळाची शक्यता वाढवली, पण गळकी व्यवस्था माणसांनीच तशी ठेवली होती.

आणि पाऊस आला की?

पाऊस येतो तेव्हा तोही बेताल येऊ शकतो. उन्हाळाभर तापलेला समुद्र म्हणजे वादळांसाठी साठवलेलं इंधन. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाचं दैनिक तापमान २८.९ अंशांवर पोहोचलं, तो तेव्हाचा विक्रम होता. शरद ऋतूत वर थंड हवा आली आणि खाली असं कोमट पाणी असलं, की चक्रीवादळासारखी दिसणारी वादळं तयार होतात. त्यांना 'मेडिकेन' म्हणतात.

फ्लोरिडियाच्या विक्रमाला तीन महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी याच पूर्व सिसिलीला मुसळधार पावसाने झोडपलं. कटानियाच्या रस्त्यांना नदीचं रूप आलं, माणसं दगावली आणि त्यानंतर 'अपोलो' नावाचं मेडिकेन सिराकूझाच्या किनाऱ्याजवळ आलं. एकाच कोपऱ्याने एकाच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, खंडातलं सर्वाधिक ऊन आणि पूर दोन्ही पाहिले. वर्षअखेरीला सरासरी काढली, तर हे दोन्ही त्यात गुडूप होतात.

लोक काय करतायत?

काही बदल दिसू लागलेत. कडक उन्हाच्या दिवसांत शेतात आणि बांधकामावर दुपारी साडेबारा ते चारपर्यंत काम करायला सिसिलीसह इटलीच्या अनेक प्रांतांनी बंदी घातली. ज्यांना एसी ऑफिसात बसून 'वर्क फ्रॉम होम' मागता येत नाही, त्यांच्यासाठी हा नियम जीवनमरणाचा आहे. अर्थात, बंदीच्या तासांची मजुरी मिळते का, यावरच तो कागदावर राहणार की पाळला जाणार, हे ठरतं.

शेतीतही हालचाल आहे. सिसिलीतले काही शेतकरी चक्क आंबा आणि ॲव्होकॅडो लावू लागलेत. देवगड-रत्नागिरीकरांनी लगेच काळजी करायचं कारण नाही! पण या बातमीकडे केवळ 'वा, आता तिथेही आंबा' म्हणून पाहू नका. उबदार हिवाळा आंब्याला मानवतो, पण पाणी त्यालाही लागतंच. आणि पाण्याचं काय, ते आपण वर पाहिलंच.

मग आपण यातून काय घ्यायचं?

पुढच्या वेळी एखाद्या गावाचा हवामानाचा तक्ता पाहाल, मग तो सुट्टीसाठी असो, शिक्षणासाठी असो किंवा नोकरीसाठी, तेव्हा सरासरीच्या रकान्यावर थांबू नका. अजून तीन प्रश्न विचारा. आजवरचं सर्वाधिक तापमान किती? रात्री पारा किती उतरतो? आणि पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो?

पहिल्या प्रश्नातून धोका कळेल, दुसऱ्यातून सुटका आणि तिसऱ्यातून त्या गावाचं पाणी. इटलीला जायचंच असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा विचार करा, अर्थात ऑक्टोबरमध्ये पावसाचा अंदाज बघून.

आपण आठ दिवस फिरून परत येऊ. फ्लोरिडियाची माणसं मात्र तिथेच राहणार आहेत. त्यांची घरं, त्यांच्या बागा, त्यांच्या पाइपलाइन आणि विजेच्या तारा ३२ अंशांच्या ऑगस्टसाठी उभ्या केलेल्या आहेत. ४८.८ साठी त्यांची पुन्हा बांधणी करायला किती पैसा लागेल आणि तो कोण देईल, हा आता तिथला खरा प्रश्न आहे. पुढचा उन्हाळा त्यासाठी थांबणार नाही.